समुद्रसपाटीपासून

गंगावेशीत रात्री दहाला
धारोष्ण दूध ग्लासात फेसाळतं
आणि फेस बसायच्या आत
कुणीतरी विषय काढतं.

आज बाळगोंडानं काढला. कालच लडाखहून परतलाय,
ओठ फुटलेले, नाकाचं सालपट निघालेलं,
बुलेटच्या टाकीवर तिकडची धूळ, मुद्दाम न पुसलेली.
“खारदुंगला. अठरा हजार तीनशे ऐंशी फूट.
पाटीच हाय तिथं, बघा की.”
फोटोत पाटी होती, आणि पाटीला धरून
उद्यमनगरचा हा लेथवाला
हसतोय की रडतोय कळू नये असा.

मी पाटीच बघत होतो. धंदा माझा तो.
दुकानं, ट्रक, पडलेले उमेदवार,
चाळीस वर्षं सगळ्यांची अक्षरं रंगवली.
मोजणारे म्हणतात, ती खिंड आठशे फूट कमी भरते.
बोललो नाही.
पाटी रंगवणाऱ्याचा हात कधीकधी सढळ असतो,
आणि पोरगं एवढं चढून आलेलं.

दिलावर म्हणाला, “छत्तीस हजार. दुबईच्या विमानात.
समोरच्या पडद्यावर आकडा पळत होता.”
“बसून गेलेलं धरत न्हाईत.”
“मग तू बुलेटवर काय उभा हुतास?”

सुभेदार मगदूम, टाकळीचे,
ग्लास तीन बोटांत धरतात. बाकीची दोन वर कुठंतरी राहिली.
त्यांना कुणी उंची विचारत नाही.
तरी म्हणाले, “थंडी लई हुती,”
आणि मिशीवरचं दूध पुसलं.

“तुझं काय रं, पेंटर?”
“जोतिबाचा डोंगर,” मी म्हणालो, आणि सगळे हसले.

एकदा स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर
गावाची उंची लिहिली होती मी, काळ्या रंगात,
समुद्र न बघताच.
बघितला तो पुढं, गगनबावड्याचा घाट उतरून.
काठावर उभा राहून मनात म्हटलं,
हा शून्य. इथनं मोजतात.
पण शून्य जागेवर थांबेना.
पायापर्यंत यायचा, मागं सरायचा,
पायाखालची वाळू तेवढी घेऊन जायचा.

आमच्याकडं मोजतात ते बंधाऱ्यावर.
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका.
त्या आकड्यांना विमानातला माणूसही घाबरतो,
घर चिखलीत असेल तर.

सुशाबाई चिखलीची. आचळावरचा हात न थांबवता बोलली,
“आमची ही चौदा पायऱ्या चढल्या.”
कुणालाच आधी समजलं नाही, ही म्हणजे कोण.
“म्हापुराच्या साली. शेजारच्यांच्या सलॅपवर.
अंधारात, फुडनं मी दावं वढत्या, मागनं मालक ढकलत्यात.
पाच दीस वर. हिला कडबा, आमास्नी बिस्कुटं.
खाली रस्त्यावनं नाव गेली, तर ही हंबरली,
गाडी आल्यागत.”

मी मनात हिशेब केला, खोड आहे ती.
पायरी सात इंचांची.
चौदा पायऱ्या, आठ फूट दोन इंच.
पाटी करायची म्हटली तर
एवढाच आकडा, आणि तो गावाच्या उंचीत मिळवायचा.

म्हशीनं पाय बदलला. बादलीत धार वाजत राहिली.
बाळगोंडानं फोन खिशात घातला,
पुन्हा काढला, पुन्हा घातला.

मग सुभेदारांनी विचारलं.
कट्ट्यावर त्यांना काही विचारताना
मी पहिल्यांदाच ऐकलं.
“आन् उतरवली कशी?”

“उतरंना की वो. पानी गेलं, चिखूल वाळाय लागला,
ही आपली वरच. तोंड जिन्याकडं केलं की थरथरायची.
मग उलटी घेतली. पाठ खाली करून.
खुर हातात धरायचा, पायरीवर ठेवायचा.
मग दुसरा.
दीस गेला सगळा.”

सुभेदार बराच वेळ म्हशीच्या खुराकडं बघत राहिले.
“तसंच,” म्हणाले,
आणि रिकामा ग्लास पुढं केला.